ऑनर्स केमिस्ट्री, शुक्रवारी पाचपर्यंत

डेला कुबिचेकला तीसपैकी सात मिळाले. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात, ऑनर्स केमिस्ट्रीच्या, म्हणजे निवडक पोरांच्या अवघड वर्गाच्या, पहिल्याच चाचणीत. सात! नेब्रास्कातल्या तिच्या गावच्या शाळेत हीच पोरगी चार वर्षं ओळीनं पहिली आली होती. आता तिथे केमिस्ट्री शिकवायला कुस्तीचा कोच होता आणि त्याचा निम्मा तास पोरांची वजनं करण्यात जायचा, हे खरं. पण पहिलं ते पहिलंच ना?

शुक्रवारी पाचपर्यंत ऑनर्स सोडून साध्या वर्गात जाता येत होतं. तेव्हा सगळं कागदावर चालायचं. एक पिवळी चिठ्ठी भरायची, तिच्यावर प्राध्यापिकेची सही घ्यायची आणि रजिस्ट्रारच्या खिडकीत द्यायची. पाच वाजून गेले की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. डेलाला डॉक्टर व्हायचं होतं, आणि डॉक्टरकीच्या वाटेवर पहिल्याच वर्षी केमिस्ट्रीत आपटलं की पुढचं अवघड, हे तिला दिवसातून दहा जण सांगत होते.

सल्लागार प्रेविटसाहेबांनी तर तिला खुर्चीत नीट टेकूही दिलं नाही. "मेडिकलवाले वर्गाचं नाव बघत नाहीत, ग्रेड बघतात. ऑनर्समध्ये सी घेण्यापेक्षा साध्यात ए घे. पुढचा कोण आहे?"

तिनं कॉरिडॉरमधल्या फोनवरून घरी फोन लावला. आई म्हणाली, "तुला बरं वाटेल ते कर गं बाळा."

"बरं काय वाटेल ते कळत असतं तर फोन कशाला केला असता, मॉम?" डेलानं फोन आपटला आणि मग त्याचंही वाईट वाटून घेतलं.

तिला खरा आधार होता तो पेजचा. पेज ह्विटलॉक म्हणजे तिची रूममेट. शिकागोजवळच्या एका बड्या शाळेतून आलेली, दात सरळ, वह्या सरळ. सोमवारी रात्री डेला चाचणीचा कागद डोक्यावर घेऊन पडली होती, तर पेजनं मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न फोडले आणि वाडगा तिच्या पोटावर ठेवला.

"सोड ना ते ऑनर्स. कशाला जिवाचे हाल करून घेतेस? मीसुद्धा साधंच घेतलंय, मुद्दाम. शहाण्यानं नसत्या फंदात पडू नये."

मंगळवारीही पॉपकॉर्न, मंगळवारीही तेच, आणि पुढेही रोज रात्री. बुधवारी पेज तिला स्वतःबरोबर साध्या वर्गात घेऊन गेली. चारशे पोरं! पुढे कोणी तरी माइकवर बोलत होतं, शेजारचा पोरगा वर्तमानपत्रातले फुटबॉलचे आकडे वाचत होता, आणि विचारलेलं सगळं डेलाला येत होतं. सगळं! कोचनंही शिकवलं होतं एवढं. तिला हायसं वाटलं आणि वीस मिनिटांत जांभया यायला लागल्या.

ऑनर्समध्ये जांभई यायची सोय नव्हती. तिथे एस्टाब्रुकबाई फळ्यावर काही तरी मांडायच्या आणि विचारायच्या, "असंच का? दुसरं काही का नाही?" डेलाला निम्मं कळायचं नाही. पण जेवताना, दात घासताना तेच डोक्यात घोळायचं. चाचणीतला तिसरा प्रश्न तर मानगुटीवरच बसला होता. गुरुवारी तिनं धीर करून वर्गात तो विचारला, तेव्हा मागचा एक पोरगा "हे तर शाळेतच होतं" म्हणून हसला. झालं! तिकडे झोप येते, इकडे लाज जाते. धड हे नाही, धड ते नाही. तिला स्वतःचाच इतका वैताग आला की तिनं त्याच रात्री पिवळी चिठ्ठी भरून टाकली.

शुक्रवारी पावणेपाचला ती एस्टाब्रुकबाईंच्या खोलीत गेली. दार आत उघडून भिंतीला टेकलेलं होतं. बाईंनी चिठ्ठी पाहिली आणि सही केली. का म्हणून विचारलं नाही, थांब म्हटलं नाही. "बरं, शुभेच्छा," एवढंच. अहो, निदान एकदा तरी अडवायचं! डेला बाहेर आली आणि बाईंनी आतून दार लावून घेतलं.

तेव्हा दाराची बाहेरची बाजू दिसली. तिथे एक कागद चिकटवलेला होता: ऑनर्स केमिस्ट्री, प्रतीक्षा यादी. पहिलंच नाव, सरळ सुबक अक्षरात: पेज ह्विटलॉक. पुढे तारीख सोमवारची.

म्हणजे पहिला पॉपकॉर्न फुटला त्या दिवसाची.

डेला रजिस्ट्रारच्या इमारतीकडे धावतच गेली. रांगेत पेज आधीच उभी, हातात स्वतःची चिठ्ठी, ऑनर्समध्ये शिरायची.

"यादी बघितली मी," डेला म्हणाली.

पेजचा चेहरा उतरला, पण ती डगमगली नाही. "सांगणारच होते. मला नाव नोंदवायला उशीर झाला, तोवर वर्ग भरला होता. पण तुझ्याबद्दल मी खोटं काय बोलले सांग? तुला सात पडलेत, डेला. यादीत नाव नसतं तरी मी हेच सांगितलं असतं."

आणि संताप याचाच होता, की ते खरं होतं. प्रेविटसाहेबही तेच म्हणाले होते, आणि त्यांना कुठे ऑनर्समध्ये जागा हवी होती?

"पुढे या," खिडकीतली बाई म्हणाली. "पाच मिनिटं राहिलीत."

पेज बाजूला सरली; डेलाची जागा सुटल्याशिवाय तिचा नंबर लागणार नव्हता. डेला पुढे झाली, आणि चिठ्ठी हातातच धरून मागे वळली. "पेज, तो तिसरा प्रश्न तुला येतो?"

"येतो की. सोपाय," पेज बोलून गेली.

"मग चार रात्री तो समजावायचा सोडून मला पॉपकॉर्न कसले भरवत होतीस?"

मागचे दोघे टाचा उंचावून बघायला लागले.

"अगं, चिठ्ठी देतेस की नाही?" खिडकीतली बाई वैतागली.

"नाही," डेला म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली. आपण शहाणपणा केला असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

पेज रांग सोडून तिच्यामागे दारापर्यंत आली. "वेडी आहेस का? माझ्यावरच्या रागापायी नापास होणारेस?"

"नापास व्हायचं असलं तर माझी मी होईन," डेला म्हणाली. "तुझा नंबर लागावा म्हणून पास व्हायची नाही."

आत रजिस्ट्रारच्या बाईनं पाचच्या ठोक्याला खिडकी खाली ओढली.