अर्पिताच्या दप्तरातलं उलथणं

मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्याही चुलीपाशी किंवा गॅसच्या ओट्यावर पडलेला असेल. मी उलथणं आहे. तव्यावरची भाकरी उलटायचं जुनं, लोखंडी, टोकाला वाकलेलं उलथणं. माझी गोष्ट गोड नाही. गोड करून सांगायची मला सवय नाही.

जाफराबादच्या रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडली होती, तिथं मी घडलो. भंगारातल्या जीपच्या कमानपाट्याचा एक तुकडा त्यांनी भट्टीत लाल केला. नवऱ्यानं सांडशीत धरला आणि बायकोनं घण घातला. पोटात पोर असलेली ती बाई एकेका घावाला हुंकार देत होती. घाव मी तिथंच शिकलो. पण तो घाव काहीतरी घडवणारा होता.

मीनानं मला विकत घेतलं तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिची भाकरी टम्म फुगायची. शेजारची झुंबरबाई म्हणायची, "मीने, तुझ्या हाताला चव हाय बाई!" आणि मीना हसून मला भाकरीखाली सरकवायची. ते दिवस चांगले होते. थोडेच होते.

तिचा नवरा भुजंग काळी-पिवळी जीप चालवायचा. त्यानं मला पहिल्यांदा उचललं तेव्हा भाजीत मीठ जास्त पडलं होतं. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा मीठ बराबर होतं. नंतर कारण शोधायचे कष्टही तो घेईना. माझी धार तिच्या पाठीत, खांद्यात, डोक्यात शिरायची. माझं टोक वाकलं ते तिच्या कोपराच्या हाडावर. मग तीच बाई मला धुवायची, आणि माझ्यावरचं तिचंच रक्त राखेनं घासून काढायची.

त्यांची पोरगी अर्पिता. आठ वर्षांची, तिसरीत. तिनं एक दिवस शाळेतल्या बाईंना सांगितलं, "आमचे पप्पा आईला उलथण्यानं मारतात." बाईंनी मीनाला बोलावून काळजीनं विचारलं. मीना घरी आली ती धावतच. हे भुजंगच्या कानावर गेलं तर तो दोघींना जिवंत ठेवणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं मला चुलीत खुपसलं.

घरातलं बाहेर बोलणाऱ्या पोरीला डाग दिला की तिचं तोंड कायमचं बंद होतं, असं मीनाच्या आईनं तिला शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे तिच्याच पोटरीवर करून दाखवलं होतं. ती खूण मीनाच्या पायावर अजून होती. मी लाल झालो. मीनानं अर्पिताला गुडघ्याखाली दाबलं आणि मला तिच्या पोटरीवर टेकवलं. मी चिकटलो. सुटताना कातडं घेऊन सुटलो. त्या किंकाळीनं अख्खी गल्ली जागच्या जागी थांबली, पण दार कुणी वाजवलं नाही. याला म्हणतात सभ्य गल्ली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी तिचं लंगडणं पाहिलं. पोलीस आले, बाल कल्याण समितीचे लोक आले. "कोणी केलं?" या प्रश्नाला अर्पितानं चटकन उत्तर दिलं, "पप्पानं." मीनानं मान खाली घातली. भुजंगला पोलिसांनी नेलं, पण थोड्याच दिवसांत तो जामिनावर सुटणार होता, म्हणून समितीनं अर्पिताला पिंपळगाव रेणुकाईच्या केशरबाई आणि रामकिसन यांच्याकडे ठेवायचं ठरवलं. दुसऱ्याचं लेकरू काही काळ सांभाळायचं आणि त्याच्या आईबापालाही सावरायला हात द्यायचा, असं काम करणारं हे जोडपं. निघताना अर्पितानं मला दप्तरात लपवलं.

केशरबाईला मी दप्तरात सापडलो. आईची आठवण म्हणून पोरीनं आणलं असेल, असं त्या भल्या बाईला वाटलं. पोरीला बरं वाटावं म्हणून तिनं मला घासून चक्क चुलीवर वापरायला काढलं. मी तापलेला दिसताच अर्पिता भिंतीला जाऊन चिकटली. केशरबाई जवळ आली तेव्हा तिच्या मनगटाचा तिनं असा चावा घेतला की दात हाडाला लागले.

"विहिरीत टाकते मी हे!" केशरबाई म्हणाली.

"नका टाकू, मावशी. फळीवर ठेवा. ते घरी गेलं तर पप्पा आईला मारतील."

तेव्हा केशरबाईला कळलं की पोरीनं मला का आणलं. तिनं मला उंच फळीवर ठेवलं.

दर शनिवारी मीना लेकीला भेटायला यायची. केशरबाई तिला पाहुणी म्हणून बसवायची नाही. "वेणी घाल तिची. जेवू घाल. तुझीच हाय ती, मी फकस्त सांभाळून राह्यली," म्हणायची. चौथ्या शनिवारी मीनाच्या मागोमाग जामिनावर सुटलेला भुजंग आला.

"पाव्हणं, आधी पाणी घ्या," रामकिसन दारात म्हणाला.

भुजंगनं त्याला ढकललं, मीनाचे केस मुठीत धरले आणि तिला उंबऱ्यावरून फरपटत नेऊ लागला. रामकिसन पुन्हा आडवा आला. भुजंगला फळीवर मी दिसलो. त्यानं मला ओढून रामकिसनच्या कपाळावर घातलं. कवटीचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव दातांवर बसला.

"मी मारतो, व्हय, मारतो!" भुजंग ओरडत होता. "पण डाग मी दिला का? सांग ना, मीने! तो डाग कोणी दिला?"

केशरबाईनं भरलेली कळशी त्याच्या तोंडावर हाणली. तोवर शेजारचे धावून आले. चार माणसं त्याच्या छाताडावर बसली तेव्हा कुठं तो थांबला. या गावानं दार उघडलं, एवढं मी सांगून ठेवतो.

रामकिसनचं डोकं लुगड्याच्या पट्टीनं बांधता बांधता केशरबाईनं मीनाला विचारलं, "तो खरं बोलला का?"

अर्पिता मध्येच म्हणाली, "मीच पडल्ते चुलीवर."

"तू गप, बाळा. मीने, मी तुला विचारून राह्यली."

"मी दिला, अक्का."

"मंग समितीला हेच सांग."

"लेकरू देणार न्हाईत मला!"

"खोटं बोलून नेलंस तर पुन्हा डागशील. मंग मी तुला उंबऱ्यावर उभी करणार न्हाई. खरं सांग, मी संग येते."

रामकिसनवरच्या हल्ल्यासाठी भुजंग पुन्हा जेलात गेला. मीनानं समितीसमोर सांगितलं. तिच्यावर गुन्हा नोंदला गेला, त्याच्या तारखा अजून चालू आहेत. अर्पिताचं घरी जाणं आठ महिने लांबलं. त्या आठ महिन्यांत मीना समुपदेशक ताईंकडे गेली, भुजंगपासून वेगळी झाली, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागली, जालन्यात तिनं खोली घेतली. शनिवार मात्र एकही चुकवला नाही. मग समितीनं अर्पिताला तिच्याकडे दिलं. लेकीला भीती वाटायची थांबेपर्यंत मी केशरबाईकडेच राहावं असं सगळ्यांना वाटत होतं, पण अर्पिता म्हणाली, "आता न्या. आता पप्पा न्हाईत."

दुसऱ्याच आठवड्यात शेजारणीशी बोलताना अर्पिता सहज बोलून गेली, "आमचे पप्पा जेलात हायेत."

मीनानं ते ऐकलं. तिनं मला उचललं. अर्पितानं दोन्ही हातांनी पोटरी झाकली. ओरडली नाही. नुसती झाकली.

मीना बघत राहिली. मग दुसऱ्या हातानं तिनं फोन लावला.

"अक्का, हात उठला."

"मारलं का?"

"न्हाई."

"उलथणं कुठंय?"

"हातात."

"खाली टाक. मला आवाज ऐकू दे."

मी फरशीवर खणखणलो.

"आला आवाज. आता पोरीकडं दे फोन."

अर्पितानं फोन कानाला लावला. "मावशी, मला लय भ्या वाटलं."

"वाटणारच, बाळा. तू बोल. मी ऐकून राह्यली. आम्ही दोघं आताच्या गाडीनं निघतो."

मित्रांनो, तुमच्या अंगावर असा डाग असेल तर बोला. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि मोठ्यांनो, शेजारी किंकाळी ऐकू आली तर लाज सोडून दार वाजवा. हात उठला तर फोन उचला. मी लोखंड आहे. मला उचलणारा थांबला तरच मी थांबतो.