समोर बसायची पाळी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत धन्यकुमारचं लेथचं वर्कशॉप आहे. आठवड्याचे सहा दिवस तिथं लोखंड ओरडतं आणि सुट्टीच्या सकाळी सात अ‍ॅकॉर्डियन. शेजारचा प्लॅस्टिकवाला म्हणतो, लोखंड परवडलं. या वाजवणाऱ्यांच्या मंडळातल्या कुणी ते कधी मनावर घेतलेलं नाही. सात जणांत एकही असा नाही, की ज्याच्या वाजवण्याला कुणी मुद्दाम गर्दी करून यावं, आणि तरी सातहीजण अकरा वर्षं न चुकता येतात. हरिबा धरणाच्या नोकरीतून रिटायर झालेला. तो कोयनानगरहून घाट उतरून एस.टी.नं येतो आणि आपली छोटी लाल पेटी, म्हणजे अ‍ॅकॉर्डियन, तीन-साडेतीन तास मांडीवर घेऊन बसतो. कंडक्टरनं कितीही सांगितलं तरी वर रॅकवर ठेवत नाही. शाळेत विज्ञान शिकवणारी क्रांती येते. तिचा ताल पहिल्या दिवसापासून पुढं पळतो आणि तो मागं खेचायचं काम बाकीचे सहाजण आळीपाळीनं करतात.

चहा वाजवायच्या आधी, भडंग वाजवून झाल्यावर, हा मंडळाचा एकमेव लेखी नियम. हरिबाच्या पेटीच्या पट्ट्यांच्या फटीत एकदा शेंगदाणा सापडला, तेव्हापासून तो भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे. बाकी सगळं तोंडी. कुणी चुकलं तर हसायचं, पण थांबायचं नाही. कुणाच्या घरी लग्न असो की कुणाचं ऑपरेशन, सातहीजणांनी जायचं. धन्यकुमारचे वडील गेले तेव्हा त्याच्या सख्ख्या चुलतभावांच्या आधी ही मंडळी दारात उभी होती. धन्यकुमार हे कधी कुणाला बोलून दाखवत नसे, पण आठवडाभर तो त्या एका सकाळवर जगायचा.

हे मंडळ उभं केलं जोतीराम मास्तरांनी. रहिमतपूरच्या शेतकऱ्याचं पोरगं, फौजेच्या बँडमध्ये बावीस वर्षं काढलेलं. ते पहाटेच्या पॅसेंजरनं यायचे, पाठीवर अकरा किलोची काळी पेटी, आणि बूट असे चकचकीत की वर्कशॉपच्या फरशीवरचं ऑइलच चुकीच्या जागी सांडलंय असं वाटावं. शिकवताना शिव्या द्यायचे, त्याही हिंदीतून. क्रांती असली की मात्र त्या शिव्या नुसत्या ओठांनी द्यायचे.

त्यांचाच एक रिवाज होता. पेटी वाजवणाऱ्याच्या छातीवर असते आणि तिचा आवाज पुढं जातो. त्यामुळं आपली पेटी लोकांना कशी ऐकू येते, हे वाजवणाऱ्याला जन्मभर कळत नाही. म्हणून दर बैठकीला एकाची पाळी. त्यानं आपली पेटी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, चार पावलांवर स्टुलावर बसायचं आणि गप ऐकायचं. याला मंडळात ‘समोर बसणं’ म्हणत. धन्यकुमार पहिल्यांदा समोर बसला, तेव्हा आपलंच पोर शाळेच्या स्टेजवर बोलताना बघावं तसं त्याचं झालं होतं. हरिबा तर रडला होता आणि धूळ गेली म्हणाला होता.

मास्तर मात्र अकरा वर्षांत एकदाही समोर बसले नाहीत. त्यांची पाळी आली की म्हणायचे, शिपाई आपली बंदूक दुसऱ्याच्या हातात देत नसतो, पुढच्याला बसवा. सगळ्यांना वाटायचं, हा मास्तरांचा तोरा आहे. धन्यकुमारलाही तसंच वाटायचं.

माघात मास्तरांना पेटी उचलवेना. पोटात काहीतरी वाढलं होतं आणि ते कळेपर्यंत उशीर झाला होता. पुढं त्यांनी पेटी धन्यकुमारकडं जपायला पाठवून दिली. मंडळातल्या सगळ्यांच्या पेट्या तोच दुरुस्त करायचा, पाव सुताची चूक पकडणारे हात होते त्याचे. मे महिन्यात डॉक्टरांनी मास्तरांना घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

दोनच दिवसांनी मनुबाईंचा फोन आला. मास्तरांची बायको, तिनं आजवर धन्यकुमारला आपणहून कधी फोन केला नव्हता. ती म्हणाली, “भावजी, त्यांला समोर बसायचं हाय म्हनं. तुमी पेटी घिऊन येताय न्हवं? लवकर या.”

धन्यकुमारनं हातातलं काम त्याच रात्री उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पेटी काळ्या खोक्यात घातली, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि निघाला. हरिबाला फोन करून सांगितलं की कराडला उतर, तिथून बरोबर जाऊ. बाकीचे संध्याकाळी येणार होते.

कराडच्या बाहेर एका चहाच्या टपरीशेजारी मोठी चिंच आहे. तिच्या गार सावलीत धन्यकुमारनं गाडी लावली. काचा बंद केल्या, कुलूप लावलं. घाटात काहीतरी अडकलं होतं, हरिबाची एस.टी. तासभर उशिरा आली. तो उतरला तो मांडीवरची लाल पेटी छातीशी धरूनच. घशाला कोरड पडली होती, म्हणून एक चहा सांगितला. मग दुसरा.

आणि मग हरिबानं तासगावची गोष्ट काढली. तिथं एका निरोप-समारंभात मास्तरांनी सगळ्यांना फौजी कवायतीची चाल वाजवायला लावली होती. समोरच्या रांगेतला एक म्हातारा सुभेदार ताडकन उठला आणि हातात बुंदीचा लाडू तसाच धरून सावधान उभा राहिला. क्रांतीचा ताल पळत होता, मास्तर ओठांनी शिव्या देत होते, सुभेदाराच्या हातातला लाडू चुरा होऊन गळत होता. पण चाल संपेपर्यंत गडी हलला नाही. हरिबानं सुभेदार करून दाखवला, धन्यकुमारनं मास्तर. दोघं इतके हसले की टपरीवाला बाहेर येऊन बघून गेला. मग एका गोष्टीतून दुसरी निघाली. ज्याच्याकडं निघालो आहोत त्याच्यावरच हसतोय, याचं दोघांनाही कसंतरी झालं. तरी थांबावंसं वाटत नव्हतं. थांबलं की पुढं जायचं होतं.

उठले तेव्हा चिंचेची सावली पार पलीकडं सरकली होती. गाडी उघड्या उन्हात उभी होती, किती वेळ ते देवाला ठाऊक. धन्यकुमारनं दाराला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला.

अ‍ॅकॉर्डियनच्या आत सूर असतात, म्हणजे धातूच्या बारीक चपट्या जिभा. त्या लाकडावर मेणानं बसवलेल्या असतात. मेण तापलं की सूर सुटतात. मंडळात हे सगळ्यांना पाठ होतं, कारण धन्यकुमारच दर उन्हाळ्यात ओरडून सांगायचा की स्वतः उन्हात बसा, पेटीला बसवू नका. एकदा क्रांतीनं पेटी खिडकीत ठेवली होती, तर महिनाभर तो तिच्याशी धड बोलला नव्हता.

त्यानं खोकं उघडलं नाही. मेण मऊ असताना पेटी हलवली तर असेल नसेल तेही जायचं, हे त्याला कळत होतं. एसी मोठा करून त्यानं गाडी हाकली. मसूर गाव मागं पडलं तरी त्यानं एसी कमी केला नाही. गार होईल, घट्ट होईल, काही झालं नसेल, असं तो मनात घोकत होता आणि त्यातलं एकही त्याला खरं वाटत नव्हतं.

रहिमतपूरला घराच्या पुढच्या सोप्यात त्यानं खोकं उघडलं. पेटी बाहेर काढताना आत खळखळ आवाज झाला. भाता ओढून त्यानं एकेक पट्टी दाबली. चार-पाच सूर बोलले, बाकीच्या पट्ट्यांतून नुसती हवा आली. धन्यकुमारनं पेटी तशीच खोक्यावर टेकवली. एवढ्या वर्षांत या माणसानं एकच गोष्ट मागितली होती आणि ती आपण चहा पीत बसून घालवली.

आतून मनुबाईंनी हाक मारली, त्यांना उशा लावून बसवलंय, या म्हणाली. तेव्हा हरिबानं हळूच आपली लाल पेटी पुढं सरकवली. आत डोकावून बघत, डोळे मिटूनच हायत, असं तो म्हणाला. तेवढ्यावरून धन्यकुमार समजला, हीच मास्तरांची म्हणून वाजवायची. अशा वेळी माणूस धड विचार करत नाही. त्यानं लाल पेटीचे पट्टे खांद्यावर चढवले.

मास्तर खाटेवर होते. अंगात काही उरलं नव्हतं, पण दाढी केलेली होती. समोर बसायचं म्हणून सकाळी करून घेतली होती. धन्यकुमारचा आवाज ऐकून त्यांनी मान हलवली, डोळे उघडले नाहीत. त्यानं त्यांचीच चाल वाजवली. फौजेत असताना, बर्फात, त्यांनी स्वतः बांधलेली संथ चाल. धन्यकुमारनं जन्मात एवढं नीट वाजवलं नव्हतं. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाले, “हरिबाची पेटी बरी बोलाय लागली.”

हरिबानं तोंड फिरवलं. मास्तरांनी डोळे उघडले आणि धन्यकुमारकडं बघून विचारलं, “माजी कुटं हाय?”

धन्यकुमारनं सगळं सांगितलं. टपरी, चिंच, सावली, काहीही लपवलं नाही. मास्तर रागावले असते, हिंदीतून दोन हाणल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मनुबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. इथून उठून जावं की बसून राहावं, हेही धन्यकुमारला कळेना.

शेवटी भिंतीकडूनच मास्तरांनी विचारलं की एवढं काय बोलत बसला होता. हरिबानं चाचरत तासगावचं सांगितलं. सुभेदार, लाडू, चुरा. मास्तरांची पाठ थोडी हलली. हसतात की काय ते आधी कळलं नाही, पण हसत होते. मग खोकला आला. खोकला बसल्यावर ते वळले.

“सूर बसवाय किती दिस लागतील रं?”

“चार दिस, मास्तर.”

“चार दिस थांबतो मी,” मास्तर म्हणाले. “पर माजीच पायजे. आन तूच वाजवायची.” मग जरा वेळानं, कुणाकडंही न बघता म्हणाले, “भ्या वाटायचं गड्या. फौजंत बावीस वर्सं वाजवली आन समोरून वंगाळ ऐकाय आली तर? म्हून बसलो न्हाई कवा.”

हरिबाला तिथंच ठेवून धन्यकुमार पेटीसकट त्याच दिवशी माघारी फिरला. वर्कशॉपला टाळं लावून तो आत बसला. ते शेकडो सूर पुसले, नवं मेण राळ घालून कढवलं आणि एकेक सूर बसवत गेला. बायको डबा ठेवून जायची. घर जैन, म्हणून त्यातला सूर्यास्ताआधी खायचा तेवढा खायचा, नाहीतर तसाच परत जायचा. एवीतेवी सगळं उघडलंच आहे, तर मास्तरांना पेटी नव्यासारखी ऐकवू, म्हणून प्रत्येक सूर यंत्रावर मोजून कानशीनं घासून त्यानं नेमका केला. चौथ्या दिवशी सकाळी शेवटचा सूर बसवून निघायचं, असा त्याचा हिशोब होता. तिसऱ्या दिवशी दुपारी हरिबाचा फोन आला. फोनवर हरिबा नुसता रडत होता, तेव्हा धन्यकुमारला कळलं, मास्तर गेले.

त्यानं हातातला सूर खाली ठेवला. मग परत उचलला आणि बसवला. दुसरं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

तेराव्याला सगळं मंडळ गेलं होतं, त्यानंतर आठवड्यानं तो पेटी घेऊन एकटाच रहिमतपूरला गेला. पेटी तुमची आहे, तुम्ही म्हणाल तिथं राहील, असं त्यानं मनुबाईंना सांगितलं. ती म्हणाली, वाजवा की एकदा. खाट काढली होती. त्या जागी तिनं खुर्ची ठेवली आणि ती पदर सावरून समोर बसली. धन्यकुमारनं मास्तरांची चाल वाजवली. एकही सूर इकडंतिकडं झाला नाही. मंडळात कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, अशी पेटी सांगलीत दुसरी नाही. वाजवता वाजवता पहिल्यांदाच त्याला थोडं हलकं वाटलं. निदान हिला तरी ऐकवली.

मनुबाईंनी पेटीच्या काठावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, “लय ग्वाड वाजली, भावजी. पर ही त्यांची न्हवं.”

सूर तेच आहेत, पेटी तीच आहे, फक्त मेण नवीन, असं तो गडबडीनं सांगायला लागला. तिनं मान हलवली. ती भांडत नव्हती, त्याला दुखवायचंही तिच्या मनात नव्हतं.

“त्यांच्या पेटीत वरचा एक सूर जरासा रडायचा,” ती म्हणाली. “मी चुलीम्होरं बसून तीस वर्सं ऐकला. म्या एकदा त्यांला सांगितलं बी. तर म्हनले, तुलाच ऐकाय येतो त्यो, मला न्हाई येत. एकदा समोर बसून ऐकतो म्हनले, तू काय ऐकतीस ते.”

कुठला सूर ते धन्यकुमारला लगेच आठवलं. वरच्या सप्तकातला, उजवीकडचा. यंत्रावर तो थोडा उतरलेला निघाला होता. घासायच्या जागी कानशीची जुनी खूण नव्हती, म्हणजे आजवर कुणी त्याला हात लावला नव्हता. चूक म्हणून धन्यकुमारनंच तो तिसऱ्या दिवशी सकाळी नीट केला होता. त्याला चांगला अर्धा तास लागला होता.

घासून गेलेलं परत भरता येत नाही, हे त्यानं मनुबाईंना सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती चहा ठेवायला उठून आत गेली. धन्यकुमारनं तो एक सूर पुन्हा दाबला. तो अगदी बरोबर वाजला. त्यानं पट्टीवरचं बोट काढलं नाही, भाता संपेपर्यंत तो सूर वाजत राहिला, आणि मग गळ्यात पेटी तशीच ठेवून धन्यकुमार रडला.