अक्षरांच्या तांबूस कडा

छापखान्यातली अक्षरजुळणीची खोली चौदा वर्षं थोरल्या सुनेच्या हातात होती. कॉम्प्युटर अडला की सासरे तिलाच बोलवायचे. मग वर्षभरापूर्वी धाकटी जाऊ कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरात आली आणि थोरलीला विचारणारं कुणी उरलं नाही. धाकटीचं कौतुक कानावर पडलं की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी सकाळी धाकटीच्या पडद्यावरची अक्षरं बिघडली. प्रत्येक काळ्या अक्षराला एका बाजूने तांबूस कड, दुसऱ्या बाजूने निळसर. म्हातारे मुद्रितशोधक चष्मा पुसून पुसून थकले. "मोतीबिंदू मला झालाय की ह्याला?"

सासरे आत आले ते थोरलीला ओलांडून थेट धाकटीपाशी गेले. "तूच बघ गं. इथे दुसऱ्या कुणाला काय कळणार!"

धाकटीने वायर बदलली, रंग मुळासारखे करून पाहिले, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. कडा जशाच्या तशा.

थोरलीने मात्र पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. पुस्तकाचं अख्खं पान दिसावं म्हणून धाकटीने कालच आडवा पडदा उभा फिरवला होता. अक्षरं गुळगुळीत दिसावीत म्हणून कॉम्प्युटर पडद्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या बारीक पट्ट्यांचा आधार घेतो. पडदा फिरला की पट्ट्याही फिरतात, पण कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नसतो आणि अक्षरांच्या कडांना रंग फुटतो. थोरलीने हे पूर्वी एकदा स्वतः निस्तरलं होतं. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. होऊ दे की पदवीची परीक्षा!

दुपार टळली. सासरे वैतागून म्हणाले, "नवीन पडदाच मागवतो."

"थांबा बाबा," धाकटी रडवेली झाली होती. "ताईंना विचारू. मी सकाळीच विचारायला हवं होतं."

थोरली उठली. सेटिंगमध्ये जाऊन तिने रंगांच्या आधाराने होणारं गुळगुळीतकरण बंद केलं, नुसत्या करड्या छटांचं ठेवलं. अक्षरं काळी कुळकुळीत झाली.

"वा! अगं, मग सकाळीच का नाही बोललीस?" सासरे म्हणाले.

"आत्ताच सुचलं" असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण धाकटी तिच्याकडेच बघत होती.

"सकाळीच कळलं होतं, बाबा. मुद्दाम बोलले नाही. जळत होते मी हिच्यावर."

सासरे मान खाली घालून बाहेर गेले.

"एका वाक्याचं काम होतं, ताई," धाकटी म्हणाली आणि तुंबलेली पानं पुढ्यात ओढून कामाला लागली.

थोरलीने त्यातली निम्मी पानं उचलली आणि तिच्या शेजारी बसली. धाकटीने खुर्ची सरकवून जागा दिली, पण नजर पडद्यावरच ठेवली. तिची बोटं काय भरभर चालत होती! ते बघून थोरलीला पुन्हा आत कुठेतरी टोचलं. तरी ती उठली नाही.