आलेले डोळे

"कुत्र्याचे डोळे आलेत," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. दिवसातून तीनदा एकेक थेंब, आठवडाभर. "चुकवलंत तर मात्र नजर जाईल," त्यांनी बजावलं.

सहा वर्षांपूर्वी माझ्या ताईचे डोळे गेले होते. तेव्हाही थेंबच होते, आणि घालणारी मीच होते.

कुत्रा ताईचा. डोळे गेल्यावर तिनं पाळला आणि नाव ठेवलं बोका. "मला दिसतंय कुठे? बोका म्हटलं की बोका," म्हणायची. ती जाऊन आता तीन महिने झाले.

थेंब समोरून घालायचे नाहीत, कुत्रं बिथरतं. मागे बसून हनुवटी उचलायची. पहिल्या दुपारी बाटली घेऊन बोक्याला शोधत गेले, तर तो ताईच्या स्टुलापाशी माझ्याकडे पाठ करून, मान वर करून बसलेला. थेंबांसाठी ताई अश्शीच बसायची, दोनच्या ठोक्याला. घड्याळात दोनच वाजले होते. बोक्यानं तर हे कधी पाहिलंच नव्हतं.

थेंब पडला तरी त्यानं डोळे मिटले नाहीत. माझं कपाळ, गाल, पिकलेले केस, सगळं सावकाश न्याहाळत राहिला. एरवी बोका न्याहाळतो ते फक्त माझं ताट. ताई शेवटी शेवटी विचारायची, "तू आता कशी दिसतेस गं?" मी विषय बदलायचे.

मी एकही थेंब चुकवला नाही. रोज दोनला तो आधीच हजर, रोज तेच बघणं.

सातव्या दिवशी लाली जवळपास उतरली होती. शेवटचा थेंब घालण्याआधी मला राहवलं नाही.

"ताई, औषध संपलं की मी दुकानात जायचा कंटाळा करायचे गं. त्याच बाटलीत पाणी भरून घालायचे. तू म्हणायचीस, आज अजिबात झोंबलं नाही. आणि मी हसायचे."

थेंब पडला. बोक्यानं पहिल्यांदाच डोळे घट्ट मिटले, झोंबल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे स्वच्छ होते, आणि लक्ष माझ्या ताटात. जिन्यात शेजारीण भेटली. "बोक्याचे डोळे कसे आहेत?"

"गेले," मी म्हणाले.

"अगं बाई!" ती हळहळली.

आलेले डोळे गेले, बोक्याला छान दिसतंय, एवढं तिला सांगायला हवं होतं. मी तशीच जिना चढून घरात आले. दोन वाजता मी स्टुलापाशी जाऊन उभी राहिले. तिथे कुणीच नव्हतं.