लेंतवारिसच्या रफूवाल्या

लेंतवारिस गावी, तळ्याकाठच्या हवेलीत, गावच्या कारखान्यात विणलेल्या गालिच्यांचं प्रदर्शन लागायचं होतं. ते मांडणाऱ्या स्कायस्तेनं दांगुओलेला मुद्दाम बोलावून घेतलं. दांगुओलेची एकतीस वर्षं गालिच्यांच्या कारखान्यात रफू विभागात गेली होती. मागावरून उतरलेल्या गालिच्यात जिथे धागा सुटला असेल, तिथे तो सुईनं असा भरायचा की कुणाला पत्ता लागू नये, हे तिचं काम.

"मावशी, या लाल गालिच्याखाली नाव कुणाचं लिहू? कागदोपत्री नुसतं 'कारखान्याचा माल' एवढंच आहे," स्कायस्ते म्हणाली.

दांगुओलेनं जमिनीवर पसरलेल्या त्या लाल गालिच्याचा कोपरा उलटला. मागचे टाके बोटांनी चाचपले.

"हे यादविगाचं काम, माझ्या शेजारी बसायची ती. मधे थोडं माझंही आहे," ती म्हणाली.

"मग दोघींची नावं लिहू. फक्त 'हे काम माझं' अशी त्यांची सही आणून द्या."

यादविगाशी दांगुओले पंचवीस वर्षं बोलली नव्हती. कारखान्याची घसरण सुरू झाली तेव्हा रफू विभागातली एक बाई कमी करायची होती. साहेबांनी दांगुओलेला विचारलं, आणि ती बोलून गेली, "यादविगाला हल्ली नीट दिसत नाही." ते खरंच होतं, आणि नोकरी यादविगाची गेली. पण यादविगानं ते तिला एकटीला, विश्वासानं सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा केक घेऊन ती पाच मजले चढली. दार उघडणारी यादविगा भिंतीला हात लावून उभी होती.

"कोण?"

"मी. दांगुओले."

"धापेवरून ओळखलं. जाडी झालीस की काय?"

दांगुओलेनं सहीचं सांगितलं. मग तिच्याच्यानं राहवलं नाही. "तेव्हा मी सांगायला नको होतं गं. माझी पोरं लहान होती, घाबरले मी."

"माझी काय मोठी होती?" यादविगानं शांतपणे विचारलं.

जिन्यात कुणाचं तरी कुत्रं भुंकून थांबलं.

"न बघता सही करणारी मी नाही," यादविगा म्हणाली. "ने मला तिथे."

केकची पिशवी दांगुओलेच्या हातातच राहिली; पाच मजले उतरायला त्यांना पाऊण तास लागला. हवेलीत यादविगा गुडघ्यांवर बसली आणि गालिच्याखाली हात घालून इंचाइंचानं सरकत राहिली.

"ही कड माझी. मधलं फूल तुझं. टाका सैल आहे."

"सैल नाही."

"सैलच आहे. तेव्हाही सांगितलं होतं."

स्कायस्तेनं कागद पुढे केला, तसं यादविगा म्हणाली, "माझं नाव पोलिश पद्धतीनं लिही, पोरी. मी पोलिश घरातली, पण कारखान्यानं ते कधी धड लिहिलं नाही." स्कायस्तेनं एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं. त्याच्या खाली दांगुओलेचं नाव लिहिलं, आणि यादविगानं बोटानं जागा चाचपून सही केली.

जिना चढून परत आल्यावर यादविगा आपल्या दारापाशी थांबली.

"आत ये म्हणणार नाही मी. अजून नाही." मग म्हणाली, "पण गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. जिन्यावर कुणीतरी धरायला हवं."

"किती वाजता?" दांगुओलेनं विचारलं.

"नऊ. आणि केक ठेवून जा."