मलप्रभेच्या अलीकडे

मी त्या दिवशी बटाटा सोडला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

१९८० सालच्या चातुर्मासाला आमच्या बोरगावात एक दिगंबर मुनिमहाराज थांबले होते. पर्युषणात रोज प्रवचन व्हायचं आणि शेवटी ज्याला जो झेपेल तो नियम घ्यायचा. कुणी रात्रीचं जेवण सोडलं, कुणी कांदा, कुणी चहा. मी चोवीस वर्षांचा, मागच्या रांगेत खांबाआड बसलेला. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील रायाप्पा, तंबाखूचे व्यापारी आणि मंदिराचे पंच, पुढच्या रांगेत. महाराजांनी नेमकं मलाच बोलावलं आणि विचारलं, "धरणेंद्र, तू काय सोडशील?"

निपाणी स्टँडवरचा बटाटावडा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. रात्रीचं जेवण सोडणंही शक्य नव्हतं, कारण निपाणीतून घरी यायलाच मला आठ वाजायचे. मग एकदम सुचलं दिग्व्रत. आयुष्यात अमुक नदीच्या, तमुक डोंगराच्या पलीकडे जाणार नाही, अशी दिशांची मर्यादा घालून घ्यायची. आप्पांनी तरुणपणी तेच घेतलं होतं आणि त्यात त्यांचं काही बिघडलेलं मला दिसलं नव्हतं. मी मनात म्हटलं, फुकटात पुण्य! आपण जाणार तरी कुठं? उत्तरेला वारणा, पूर्वेला कृष्णा, पश्चिमेला कणकुंबीचा घाटमाथा, दक्षिणेला मलप्रभा. वर आणि खाली याही दिशा धरतात. "वर विमानात बसणार न्हाय, खाली आमच्या विहिरीच्या तळापलीकडं जाणार न्हाय," असं मी म्हणालो आणि सभा हसली. महाराजही हसले.

"किती काळ?" त्यांनी विचारलं.

शेजारचा म्हातारा "वर्षभर म्हण, वर्षभर" असं पुटपुटत होता. पण लोक हसत होते, बायकांच्या बाजूला दोन-तीन लग्नाच्या मुली होत्या, आणि मला चेव चढला.

"यावज्जीव," मी म्हणालो. म्हणजे मरेपर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी त्या वेळी एवढा निर्धास्त होतो त्याला कारण होतं. दोन वर्षांपासून मी आणि सत्याप्पा एक शर्यतीची गाडी बांधत होतो. सत्याप्पा कांबळे माझ्या वर्गातला. त्याचे वडील आमच्याच वखारीत तंबाखूची पोती उचलायचे. त्यानं निपाणीत स्वतःचं गॅरेज काढलं होतं, आणि तालुक्यात त्याच्या तोडीचा मेस्त्री नव्हता. बेळगावातल्या चार-पाच गाडीवेड्या मंडळींनी डिसेंबरात तिथल्या एका रिकाम्या धावपट्टीवर शर्यती भरवायचं ठरवलं होतं. बेळगाव मलप्रभेच्या अलीकडे आहे. म्हणजे माझं सगळं स्वप्न मर्यादेच्या आत बसत होतं, आणि नियम घेताना मी तेवढंच मोजलं होतं.

गाडी १९६० ची फियाट. चिकोडीच्या एका डॉक्टरांनी ती गोठ्यात लावून ठेवली होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. वजन कमी करायला आम्ही सीटा काढल्या, दारांची अस्तरं काढली, सत्याप्पानं तर काच खाली-वर करायचं हँडलसुद्धा काढलं. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत लोखंडी पिंजरा लागतो. तो आम्ही नळाच्या पाइपांचा केला. पाइपात वाळू ठासून भरायची, तापवायचा आणि वाकवायचा, म्हणजे तो चेपत नाही. पट्टे बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बाजारातून, लष्करातून बाद झालेले. हेल्मेट मोटारसायकलचं. आग विझवायचं नळकांडं आमच्या वखारीच्या भिंतीवरून उचललं. जोर वाढावा म्हणून इंजिनाचं हेड कोल्हापुरात घासून आणलं. फक्त टायरांपाशी आम्ही हरलो. नवे परवडेनात, म्हणून जुन्यांवर नवं रबर चढवून घेतलं.

बोरगावच्या माळावर भुसा भरलेली पोती मांडून आम्ही वळणं केली होती. तिथं मी तीच घोटायचो. पहिल्या महिन्यात निम्मी पोती माझ्या बंपरनं फोडली. मग एक दिवस हाताला कळलं. ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, वळणात गाडीला काही सांगायचं नाही, आणि बाहेर पडताना मात्र सगळं मागायचं. त्या दिवसानंतर मला दुसरं काही करावंसंच वाटेना. वखारीत मी तंबाखूच्या पेंढ्यांचा वास घेत बसायचो आणि पाय जमिनीवर क्लच दाबत असायचा.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी बेळगावाहून निरोप आला की धावपट्टीची परवानगी मिळाली नाही, शर्यती रद्द. मात्र आलेले अर्ज मंडळींनी मद्रासला पाठवले होते. तिथं जुन्या विमानतळावर दर वर्षी शर्यती व्हायच्या, आणि भारतीय बनावटीच्या गाड्यांच्या नवशिक्या गटात माझं नाव घेतलं होतं. फेब्रुवारीचा पहिला रविवार. त्या गटात फक्त पहिल्यांदा उतरणाऱ्यांनाच घेत, आणि पुढच्या वर्षीपासून तो गट बंद व्हायचा होता. मग मोठ्या गटात, मोठ्या पैशांच्या गाड्यांबरोबर उतरावं लागणार होतं. आमच्या कोंबड्यांच्या फियाटला ही एकच संधी होती.

सत्याप्पानं मला मिठीच मारली. मी मात्र तिथंच पाना हातात धरून उभा राहिलो.

"काय झालं रं?"

मी सांगितलं, मद्रास मलप्रभेच्या पार पलीकडं. त्यानं हात पुसत ऐकून घेतलं.

"आमच्या बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्यात," तो म्हणाला. "एकेक पाळतोय. पर त्यात मद्रासला जाऊ नको असं कुटं न्हाय. तुला एकच घ्यायची हुती, ती बी गाडीच्या चाकाखाली घातलीस व्हय?"

"महाराजांना विचारतो. ते सोडवतील."

"मग आजच विचार की."

ते मी केलं नाही. चातुर्मास संपून महाराज विहाराला निघाले होते, पायी, श्रवणबेळगोळला. फेब्रुवारीत तिथं बाहुबलीचा महामस्तकाभिषेक होता, आणि आमचा अख्खा भाग तिकडं लोटणार होता. महाराज वाटेत महिनाभर बेळगावात थांबले होते. मी एसटीनं दोन तासांत जाऊन विचारू शकलो असतो. पण भर सभेत छाती फुगवून यावज्जीव म्हणालेला मी, चार महिन्यांत काय तोंडानं जाणार? आप्पांना विचारायची तर सोयच नव्हती. ते रोज सकाळी पूजेहून येताना माझ्याकडे बघायचे, त्यांच्या नजरेत नवाच मान असायचा, आणि मी तिथून उठायचो. मी स्वतःला सांगितलं, इंजिन तयार होऊ दे. मद्रासच्या वाटेवरच महाराज भेटतील, उभ्या उभ्या विचारू.

निघालो त्या दिवशी बातमी होती की महाराजांचा मुक्काम बागेवाडीला आहे. बागेवाडी नदीच्या अलीकडे. मी घरी बेळगावला जातो म्हणून सांगितलं, आणि ते निदान खोटं नव्हतं. गाडीत मागं टायर, हत्यारं, अव्वानं, म्हणजे आईनं, दिलेला दशम्यांचा डबा. सत्याप्पानं गॅरेजला आठ दिवसांचं कुलूप घातलं होतं.

संकेश्वर गेलं, आणि यमकनमर्डीच्या अलीकडे मागचा टायर फडफडायला लागला. चढवलेलं रबर केळीच्या सालीसारखं सुटून आलं. दुसरा बसवला, तो दहा मैलांत तसाच गेला. मग सत्याप्पाला ट्रकमधून बेळगावला जाऊन टायर आणावे लागले. यात साडेतीन तास गेले.

बागेवाडीला पोचलो तेव्हा मंदिराच्या ओसरीत एक बाई केर काढत होती. "महाराज व्हय? आत्ताच की. दोन तास झालं असतील."

मी त्या दिवशी गाडी जशी चालवली तशी पुन्हा कधीच चालवली नाही. सत्याप्पा दोन्ही हातांनी पाइपाला धरून बसला होता. मलप्रभेच्या पुलाच्या तोंडाशी मी ब्रेक मारला. चहाच्या टपरीवाल्यानं पलीकडे बोट केलं. नदीपार मैलभरावर एक शाळा होती, तिच्या आवारात पांढरे कपडे दिसत होते. महाराज पूल ओलांडून गेले होते आणि तिथं विसावले होते.

नियम सोडवून घ्यायचा तर नियम मोडून जायला हवं होतं.

"चल," सत्याप्पा म्हणाला. "मैलभर तर हाय."

मला पाऊल उचलेना. पूल साधा होता, त्यावरून बैलगाड्या जात होत्या, एक कुत्रं गेलं. मला पापाची भीती होती असं नाही. मी गेलो असतो आणि महाराजांनी नुसतं माझ्या पायांकडं बघितलं असतं, तर मी काय सांगणार होतो? मला लाज वाटत होती आणि त्या लाजेचा संतापही येत होता.

शेवटी सत्याप्पाच गेला. मी टपरीच्या बाकावर बसून राहिलो. पाऊण तासानं तो पुलावरून चालत येताना दिसला, आणि त्याच्या चालीवरूनच मला कळलं.

"सगळं सांगितलं मी त्यास्नी," तो म्हणाला. "शर्यत, गाडी, सगळं. त्यांनी इचारलं, पोरगा कुटाय? म्हटलं, पुलाच्या त्या अंगाला बसलाय. म्हनले, का आला न्हाय? म्हटलं, नेम हाय म्हून. तर डोळं मिटलं त्यांनी. म्हनले, जो काठावर थांबला त्याला नियम पेलतोय. पेलणाऱ्याचा नियम मी कशाला उतरवू? त्याला माझा आशीर्वाद सांग. आन् तितली सगळी माणसं हात जोडून उभी ऱ्हायली, धरण्या. मलाच नमस्कार करायला लागली."

सत्याप्पा माझ्या शेजारी बाकावर बसला.

"मी एक इचारू? तू नेम पाळलास, लई चांगलं केलंस. माझी दोन वर्सं कुनी पाळायची?"

शर्यतीत उतरायचा परवाना माझ्या नावाचा होता, सत्याप्पा एकटा जाऊनही उपयोग नव्हता. त्यानंच गाडी वळवली. रात्री बेळगावला त्याच्या मावशीकडे राहिलो. त्यानं मला वाढलं, अंथरूण घालून दिलं, आणि स्वतः बाहेर ओसरीवर जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोरगावच्या वेशीत शिरलो तर रस्त्यात माणसं. महाराजांबरोबर असलेली निपाणीची काही मंडळी जीपनं आदल्या संध्याकाळीच परतली होती आणि बातमी आमच्या आधी पोचली होती. मंदिराच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'दृढव्रती श्री. धरणेंद्र रायाप्पा यांचे अभिनंदन.' फियाटच्या टपावर कुणीतरी झेंडूचा हार टाकला. माझ्या गळ्यात दुसरा. शाल, नारळ, बायकांनी ओवाळलं. गर्दीच्या कडेनं सत्याप्पा हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन निपाणीच्या रस्त्याला लागलेला मला दिसला. मी हाक मारणार तेवढ्यात कुणीतरी पेढा तोंडात कोंबला.

घरात गेलो तेव्हा आप्पा एकटेच माजघरात बसले होते. त्यांनी माझ्या अंगावरची शाल काढून घेतली आणि हळूहळू घडी घालायला लागले. ते गावासमोर बोलले नव्हते हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"मद्रासला निघालतास म्हणं."

"व्हय."

"मला सांगितलं न्हाईस."

"काय सांगणार? तुम्ही इतकी वर्सं पाळलंय, आन् मी चार म्हैन्यांत..."

आप्पा घडी घालायचे थांबले.

"मी दोन बारी ओलांडलीया कृष्णा," ते म्हणाले. "गुंटूरच्या तंबाखूसाठी. आलो, महाराजांच्या पायाशी बसून चूक झाली म्हटलं, त्यांनी दोन उपास दिलं. झालं. माणसाला पोट हाय, धंदा हाय, हे त्यास्नी कळतंय की रं. मला वाटलेलं, तू जाशील आन् येऊन उपास करशील. मी वाट बघत हुतो तू कधी इचारतोस."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही.

"आता जातोस?" त्यांनी विचारलं. "आज बुधवार. मोटार तयार हाय. रात्रभर हाकलीस तर उद्या संध्याकाळी पोचशील. मी बघतो हितलं."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. फियाटभोवती पोरं जमली होती. शेजारच्या चंदनाकाकू आपल्या नातवाला कडेवर घेऊन गाडीच्या टपाला हात लावत होत्या आणि तोच हात त्याच्या कपाळाला लावत होत्या. कुणीतरी गाडीला हळदकुंकूसुद्धा लावलं होतं. या सगळ्यांच्या मधून ती सुरू करायची, वेशीबाहेर काढायची आणि दक्षिणेला वळवायची. आता नदी ओलांडायला महाराजांची परवानगी नको होती. परवानगी या माणसांची हवी होती, आणि ती मागणारं तोंड माझ्याजवळ उरलं नव्हतं.

"न्हाय जात," मी म्हणालो.

"बघ बाबा," आप्पा म्हणाले, आणि शाल माझ्या हातात देऊन बाहेर लोकांना चहा सांगायला गेले.