चार बोटं

जुन्या मॉडेलची पाठ सरळ होती. "मागून नुसता डबा दिसतो," म्हणून साहेबांनी नाक मुरडलं आणि डिझाइनरने रात्रीचा दिवस करून ती पाठ उतरती केली. डिकीच्या दाराची उंची चार बोटं कमी झाली, पण गाडीला रूप आलं. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. डिकी तपासली ती प्रवासाच्या बॅगा भरून, आणि बॅगा आरामात मावल्या.

सस्पेन्शन मऊ करा म्हणून तर तो बैठकीत इरेला पेटला होता. खड्डा आला की आईच्या कण्यातून कळ जायची ना! आईसाठी एवढा भांडला, आणि तिची चाकांची खुर्ची मात्र पठ्ठ्याच्या डोक्यातच आली नाही. कामात बुडालेला माणूस असा आंधळा होतो.

नवी गाडी दारात आली. सरळ पाठीची जुनी त्याने कालच विकली होती. आई नटूनथटून खुर्चीत तयार होती. तिच्या थोरल्या बहिणीने अंथरूण धरलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"ही गाडी माझ्या पोराने चितारलीय बरं का," आईने शेजारणीला ऐकवलं.

त्याने आईला पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं आणि खुर्ची उचलली. ती डिकीच्या वरच्या कडेला अडली. आडवी करून झाली, तिरकी करून झाली, मागची सीट पाडून झाली. कण्याला आधार देणाऱ्या त्या खुर्चीची घडी होत नव्हती. मोठी गाडी भाड्याने मिळायला उद्या उजाडणार होतं.

"आई, तुला उचलून नेतो."

"गाठोड्यासारखी? ताईने जाता जाता मला तसं बघायचं? नको रे बाबा." मग आवाज सावरत ती म्हणाली, "तू जाऊन ये. गाडी छान झालीय हं."

ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला घरात नेऊन बसवलं आणि तो एकटाच निघाला. वाटेत खड्डे जाणवलेसुद्धा नाहीत.

मावशीने डोळे उघडले आणि त्याच्या मागे बघितलं. "धाकटी कुठाय?"

"येतेय मावशी. खाली खुर्ची काढतायत."

मावशी दाराकडे बघत राहिली. संध्याकाळी तिचे डोळे त्यानेच मिटवले, तेव्हाही ते दाराकडेच लागलेले होते.